परदेशी मुलींचे संघ मुंबईत बोलावताना

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची फायनल झाली. स्पेननं कोलंबियाला १-० हरवलं. ती मॅच बघून परत येताना आमच्या क्लबच्या गोलकीपरनं गाडीत विचारलं, "बाई, परदेशातल्या मुली आपल्याशी खेळायला येतील का?" मी म्हटलं, बोलावल्या तर येतील. बोलावून, खेळवून, सुखरूप घरी पाठवायला पुढे बराच काळ लागला. स्पर्धा झाल्यावर दोन-तीन क्लबांतून फोन आले की आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करू? मी सव्वीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आहे, आंतरशालेय स्पर्धा भरपूर भरवल्या आहेत, पण हे काम वेगळं आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आमची स्पर्धा १४ वर्षांखालील मुलींची, आठ संघांची होती. काठमांडू, कोलंबो आणि नैरोबीहून एकेक संघ, कोल्हापूर आणि गोव्याहून एकेक, आणि तीन मुंबईचे. पहिल्या वर्षी याहून मोठी करू नका. सोळा संघ आले तर पोस्टर छान दिसतं, पण पाहुण्यांकडे बघायला माणसं उरत नाहीत.

सुरुवात तारखेपासून करा. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरला ऊन, एप्रिल-मेमध्ये घाम. उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यात नाताळात विमानाची तिकिटं महाग, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन आणि तिच्यासाठी सकाळी बंद असलेले रस्ते, पुढे २६ जानेवारी. आम्ही जानेवारीचा दुसरा आठवडा धरला, गुरुवार ते रविवार. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, मात्र विसरू नका. आमचे दोन रेफरी कल्याणकडून येणार होते. कोणत्या मार्गावर, किती वाजता ब्लॉक आहे हे अगदी जवळ आल्यावरच कळतं, म्हणून त्यांची शनिवारची रात्र आम्ही दादरला एका ओळखीच्या घरी काढायची सोय केली होती. फायनलला रेफरी लोकलमध्ये अडकलाय हे परदेशी कोचला समजावून सांगणं कठीण आहे.

तारीख ठरली की परवानगी. परदेशी संघ येणार म्हणजे जिल्हा संघटना, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि तिच्यामार्फत अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, या वाटेनं अर्ज जातो. येणाऱ्या संघालाही आपल्या देशाच्या फुटबॉल संघटनेची परवानगी लागते. ते पत्र हातात आल्याशिवाय कुणाला तिकिटं काढायला सांगू नका. आम्ही आठ महिने आधी अर्ज केला आणि तो वेळ पुरता वापरला गेला. पोलीस स्टेशन, वॉर्ड ऑफिस, लाऊडस्पीकर, वाहतूक पोलीस ही कामं स्थानिक स्पर्धेसारखीच. प्रत्येक अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का घ्या आणि सगळ्या पावत्या एकाच फाइलमध्ये मैदानावर ठेवा.

पैशांबद्दल एकच सांगते, पण ते महत्त्वाचं आहे. क्लब ट्रस्ट म्हणून नोंदलेला असेल तर परदेशी संघाकडून एक रुपयाही खात्यात घेण्याआधी सीएला भेटा. परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी २०१० चा वेगळा कायदा आहे. आम्ही परदेशी संघांकडून प्रवेश फी घेतलीच नाही. राहण्याचे पैसे त्यांनी थेट हॉटेलला दिले.

आता कागदपत्रं. निमंत्रणपत्र क्लबच्या लेटरहेडवर द्या आणि त्यात प्रत्येक मुलीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, पासपोर्ट क्रमांक, येण्याजाण्याच्या तारखा आणि मुक्कामाचा पत्ता लिहा. कोणता व्हिसा मागायचा हे संघानं आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाला विचारून ठरवावं, अंदाजानं नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. नेपाळच्या मुलींना व्हिसा लागत नाही. केनियाहून येणाऱ्यांना पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीचा दाखला लागतो आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. नैरोबीच्या कोचला मी हे तीन वेळा लिहिलं आणि अठराही जणांच्या दाखल्यांचे फोटो मागवून घेतले. सगळ्या मुलींच्या आईवडिलांची लेखी संमती आणि प्रवास विमाही हवा.

आमच्या मनात आधी होतं की पाहुण्या मुलींना आमच्या मुलींच्या घरी ठेवावं. दोन-दोन जणी एका घरी, मैत्री होईल. कल्पना चांगली आहे, पण परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते, त्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलांना ते सवयीचं असतं, घरमालकालाही ते बंधन आहेच. वीस-बावीस घरांकडून ते वेळेत करून घेणं आम्हाला पेलणारं नव्हतं. शिवाय चौदा वर्षांची मुलगी अनोळखी घरात रात्री झोपणार, त्या घरात कोण कोण येतं-जातं याची खात्री मी देऊ शकत नव्हते. म्हणून सगळे बाहेरचे संघ एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर ठेवले. घरी फक्त एक रात्र जेवायला नेलं, तेही संघाच्या महिला व्यवस्थापकासह.

सगळ्यात जास्त वेळ मुलींच्या सुरक्षिततेला द्या. फिफानं २०१९ मध्ये 'फिफा गार्डियन्स' नावाचा बालसुरक्षेचा कार्यक्रम सुरू केला, त्याचं साहित्य वाचून काढा. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे, मूल कुठल्याही देशाचं असो. आम्ही पाळलेले नियम असे: प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी. एकटा मोठा माणूस आणि एकटी मुलगी कधीही, कुठेही नाही, गाडीत नाही, फिजिओच्या खोलीतही नाही. मुलींच्या खोलीत कोणी मोठं झोपणार नाही, पण मजल्यावर रात्रभर दोन बायका जाग्या. ड्रेसिंग रूममध्ये मोबाइल बंद. फोटो फक्त संमती दिलेल्या मुलींचे. आणि मुलींना काही खुपलं तर कुणाला सांगायचं, त्या एका बाईचा फोटो आणि नंबर प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला. आमच्याकडे ती माझी जुनी विद्यार्थिनी होती, आता वकील आहे. दुसऱ्या रात्री तिला फोन आला. एका मुलीला घराची आठवण येऊन झोप लागत नव्हती. माझी विद्यार्थिनी आणि संघाच्या व्यवस्थापक बाई त्या मुलीजवळ तासभर बसल्या. एवढ्याचसाठी तो नंबर असला तरी तो लावायला हवा.

सामन्यांची आखणी करताना एक गोष्ट ठरवून टाका: इतक्या लांबून आलेली मुलगी दोन मॅच हरून प्रेक्षकांत बसणार नाही. आठ संघांचे चार-चारचे दोन गट केले की गटात सहा, दोन्ही मिळून बारा सामने होतात. त्यानंतर वरचे चार कपसाठी आणि खालचे चार प्लेटसाठी, म्हणजे दुय्यम करंडकासाठी, उपांत्य फेरी खेळतात, मग पहिल्यापासून आठव्या क्रमांकापर्यंतचे सामने. एकूण वीस सामने, प्रत्येक संघाला पाच, आणि सगळेच शेवटच्या दिवसापर्यंत खेळात. गटात कोण कधी खेळेल याची युक्ती अशी: पहिल्या दिवशी अ-ब, क-ड, अ-क. दुसऱ्या दिवशी ब-ड, अ-ड, ब-क. म्हणजे प्रत्येकाला एकदाच दिवसात दोन सामने पडतात आणि उरलेला दिवस हलका जातो.

२५-२५ मिनिटांचे हाफ, मध्ये पाच मिनिटं, आणि संघ बदलायला पंधरा. सत्तर मिनिटांचा एक खण धरा. सकाळी साडेसातपासून तीन सामने, अकराच्या आत संपतात. दुपारी साडेतीनपासून तीन. मधला वेळ मैदान रिकामं, कारण कृत्रिम टर्फ दुपारी पायाला चटका देईल इतकं तापतं. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे शेवटच्या सामन्याला दिवे लागतातच. दिवे आदल्या रात्री पूर्ण तास लावून बघा. उष्णता आणि दमटपणा मिळून मोजलेलं तापमान ३२ अंशांपुढे गेलं की फिफा कूलिंग ब्रेक घ्यायला सांगते. आम्ही तेवढी वाट पाहिली नाही, प्रत्येक हाफच्या मध्यावर एक मिनिट पाण्याला दिलं. हिवाळ्यात मुंबईची हवा धुरकट असते, म्हणून रोज सकाळी हवेचा आकडा बघून दम्याचा त्रास असलेल्या मुलींच्या कोचना कळवत होतो.

मैदान ताब्यात आलं त्या संध्याकाळी मी सरकत्या गोलपोस्टचा क्रॉसबार दोन्ही हातांनी धरून पुढे ओढला. मागचा पाइप जमिनीवरून सहज उचलला गेला. असा गोल मुलावर पडून जीव जाऊ शकतो. रात्रीच वाळूच्या गोण्या मागवल्या, प्रत्येक गोलाच्या मागच्या पाइपवर चार, आणि वर पट्ट्यांनी आवळल्या. रोज सकाळी पहिलं काम तेच: क्रॉसबार ओढून बघणं. ॲम्ब्युलन्स मैदानाबाहेर उभी होतीच, पण मी रुग्णालयापर्यंतचा रस्ता दोनदा गाडीनं जाऊन पाहिला. सकाळी अकरा मिनिटं लागली, संध्याकाळी चौतीस. म्हणून संध्याकाळसाठी रेल्वे ओलांडावी न लागणारं दुसरं रुग्णालय ठरवलं. डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी मुलगी त्या दिवशी परत उतरणार नाही, हे कोचच्या बैठकीत सगळ्यांकडून सही करून घेतलं.

जेवणाचं तर आणखी जपा. कोलंबोच्या एका मुलीच्या फॉर्मवर शेंगदाण्याची ॲलर्जी लिहिली होती. मी आचाऱ्यांना आठवडाभर आधी बजावलं. पहिल्या सकाळी पोहे आले, वर दाणे नव्हते. काकडीची कोशिंबीर होती. मी चमचाभर तोंडात घातली आणि थांबले. आचारी म्हणाले, "दाणे नाहीत बाई, फक्त कूट घातलंय." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्या स्वयंपाकात कूट हा वेगळा पदार्थच मानत नाहीत, आणि तेलही बऱ्याचदा शेंगदाण्याचंच. ती कोशिंबीर तिथल्या तिथे उचलली. मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन कुटाचा डबा, तेलाचा डबा आणि चटण्या बाहेर काढल्या, कढया पुन्हा घासून घेतल्या. पुढचे चार दिवस सगळ्यांचाच स्वयंपाक सूर्यफुलाच्या तेलात आणि दाण्याशिवाय झाला. एका मुलीसाठी वेगळं ताट करू नका, सगळ्यांचं ताट तसं करा. ताटं बदलली जातात.

बाकी खाणं साधं ठेवा: वरणभात, उकडलेली अंडी, केळी, दही, पोळ्या, कमी तिखटाची भाजी. नैरोबीच्या मुलींना पोळी आवडली, त्यांच्याकडेही चपाती खातात. पाणी फक्त जारचं. मुली, कोच, रेफरी आणि स्वयंसेवक मिळून आमचे १८० जण होते, मैदानावर रोज वीस लिटरचे तीस जार संपत होते.

पाहुणे दोन दिवस आधी आलेले बरे. बुधवारी दुपारी बाराला, गर्दी नसताना, लेडीज डब्यातून दादर ते चर्चगेट नेलं आणि तिथून चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेचे सामने इथे वर्षानुवर्षं झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा याच शहराचा, हे सांगितल्यावर कोल्हापूरच्या मुलींनीही मान वर करून ऐकलं. त्यांच्या गावात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, तरी हे नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

झेंडे छापायला टाकताना नेपाळचा झेंडा आयताकृती नाही हे छपाईवाल्याला चित्रासकट सांगा. आमच्याकडे पांढऱ्या आयतावर छापून आला होता, तो मी परत पाठवला. ओळीत भारताचा झेंडा कुठे आणि बाकीचे कोणत्या क्रमानं हे ध्वजसंहितेत दिलेलं आहे, ते छापून हाताशी ठेवा.

रेफरींचं मानधन त्याच दिवशी पाकिटात द्या. निकालपत्रकं रोज रात्री सह्यांसकट स्कॅन करा, संघटनेला अहवाल पाठवताना तीच लागतात. निरोपाला संक्रांत दोन दिवसांवर होती, म्हणून प्रत्येक मुलीला तिळगुळाचं पाकीट दिलं. हलवायाला लिहून दिलं होतं: फक्त तीळ आणि गूळ. कोलंबोच्या त्या मुलीनं पाकीट उघडण्याआधी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग तिनं खाल्लं.

बस विमानतळाकडे निघण्याआधी डोकी मोजा, पासपोर्ट मोजा, मग खोल्या उघडून बघा. नैरोबीच्या एका मुलीचा उजव्या पायाचा शिनगार्ड पलंगाखाली सापडला, तो मी बस सुटण्याआधी खिडकीतून तिच्या हातात दिला.