‘परफॉर्मन्स’ मराठीत लिहिताना

कंपनीचं परिपत्रक, नाटकाचं परीक्षण, म्युच्युअल फंडाचं माहितीपत्रक, महापालिकेची निविदा: मुंबईत मराठी मजकूर लिहिणाऱ्याच्या टेबलावर हे सगळं एकाच आठवड्यात येतं आणि प्रत्येकात ‘परफॉर्मन्स’ असतो. बरेच जण एकदा ‘कामगिरी’ ठरवतात आणि सगळीकडे तीच चिकटवतात. मग ‘गायिकेची कामगिरी’, ‘फ्रिजची कामगिरी’, ‘कराराची कामगिरी’ अशी वाक्यं छापून येतात.

प्रतिशब्द शोधण्याआधी नाम खोडा आणि क्रियापद लिहून बघा. ‘डॉक्टरांनी शस्त्रक्रिया परफॉर्म केली’ म्हणजे शस्त्रक्रिया केली. पूजा करतात, कीर्तन करतात, पोवाडा गातात. ‘गाडीचा परफॉर्मन्स चढावर कमी होतो’ याचं ‘गाडी चढावर ओढत नाही’ झालं की काम संपलं. अर्ध्याहून अधिक वाक्यं इथेच सुटतात. उरलेल्यांसाठी एकच प्रश्न विचारायचा: लोक हे बघताहेत, की कुणीतरी मोजतंय? आणि मोजत असेल तर नेमकं काय?

बघण्याच्या गोष्टींत मराठी श्रीमंत आहे, त्यामुळे चूक लगेच कानाला लागते. नाटकाचा प्रयोग होतो. तो लागतो, रंगतो, पडतो, रद्द होतो. नाटक आणि प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे परीक्षण लिहिणाऱ्याने कधीच विसरू नये. ‘नाटक उत्तम, पण शिवाजी मंदिरातला रविवारचा प्रयोग सैल झाला’ हे वाक्य बरोबर आहे. त्यातला दोष त्या संध्याकाळचा आहे, लेखकाचा नाही. संहिता कागदावर असते. रंगीत तालमीत वेशभूषा, प्रकाश, संगीत सगळं असलं तरी तिला प्रयोग म्हणत नाहीत. जाहिरातीत २५वा प्रयोग रौप्यमहोत्सवी, ५०वा सुवर्णमहोत्सवी, ७५वा अमृतमहोत्सवी. ज्या सरकारी मंडळाकडे संहिता पाठवावी लागते, त्याच्या नावातही हाच शब्द आहे: रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ.

पण हा शब्द सगळीकडे नेऊ नका. गाण्याची मैफल होते. सर्कशीचा, सिनेमाचा, डोंबाऱ्याचा खेळ होतो. जादूचे मात्र प्रयोगच. स्टँड-अपला मुंबईत सगळे ‘शो’ म्हणतात, तसंच लिहावं. तिथे ‘विनोदी एकपात्री प्रयोग’ लिहिलंत तर प्रेक्षक वेगळ्याच अपेक्षेने येईल. शिवाय ‘प्रयोग’ प्रयोगशाळेतही असतो आणि व्याकरणातही, कर्तरी नि कर्मणी. म्हणून मथळ्यात ‘नवा प्रयोग’ एवढंच ठेवू नका, ‘नाटकाचा नवा प्रयोग’ असं स्पष्ट करा.

एका नटाबद्दल बोलायचं असेल तर प्रयोग नाही, अभिनय किंवा भूमिका. बोलताना तर ‘तिने काम छान केलं’ याहून वेगळं कुणी म्हणत नाही. ‘सादरीकरण’ हा सर्वसमावेशक शब्द नृत्य, वाद्यवृंद, शाळेचं स्नेहसंमेलन यांना चालतो. मात्र ऑफिसांनी तो स्लाइड्स दाखवण्यासाठी उचलला आहे. ‘व्यवस्थापकांचे सादरीकरण सायंकाळी ५ वाजता’ या ओळीवरून साहेब नाचणार की आकडे दाखवणार हे कळत नाही. दृश्यकलेतला ‘परफॉर्मन्स आर्ट’ मात्र देवनागरीत तसाच ठेवा. ‘प्रयोगकला’ लिहिलं तर वाचक नाट्यगृहात पोचतो.

कायद्याच्या मजकुरात मन मानेल तसा शब्द चालत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये परफॉर्मन्स म्हणजे कलावंतांनी प्रत्यक्ष केलेलं दृश्य किंवा श्राव्य सादरीकरण, आणि कलावंतांच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्याबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्याताही येतो. म्हणून इथे ‘प्रयोग’ लिहिलं तर व्याख्याता बाहेर पडतो. ‘सादरीकरण’ हाच शब्द हवा. करारातला परफॉर्मन्स पूर्ण वेगळा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३७ नुसार पक्षकारांनी आपापली वचनं पाळायची असतात, तेव्हा तिथे ‘पूर्तता’ किंवा ‘पालन’. निविदेतली परफॉर्मन्स गॅरंटी म्हणजे काम करारानुसार पूर्ण करण्याची हमी. तिला ‘बयाणा’ म्हणू नका. बयाणा निविदा भरतानाच द्यायचा असतो, ही हमी काम मिळाल्यावर.

आता मोजण्याकडे. खेळाडू, संघ, पोलीस पथक, कर्मचारी यांची कामगिरी. आझाद मैदानावर १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी यांनी केलेली ६६४ धावांची नाबाद भागीदारी ही कामगिरी. एका फलंदाजाने एका डावात जे केलं ती खेळी. ‘कामगिरी’ या शब्दाचा जुना अर्थ सोपवलेलं काम असाही आहे. ‘निरीक्षक कामगिरीवर आहेत’ म्हणजे ते छान काम करताहेत असं नव्हे. विद्यार्थ्याची प्रगती असते. सरकारी कर्मचाऱ्याचा ‘कार्यमूल्यमापन अहवाल’ असतो, खासगी ऑफिसात ‘अप्रेझल’. ते बदलण्याच्या फंदात पडू नये.

यंत्रांपाशी सर्वात मोठा घोटाळा होतो, कारण लोक ‘कार्यक्षमता’ लिहून मोकळे होतात. कार्यक्षमता म्हणजे घातलेल्या ऊर्जेच्या तुलनेत मिळालेलं उपयोगी काम. १,००० वॅट घेऊन ६०० वॅटचं काम देणाऱ्या पंपाची कार्यक्षमता ६० टक्के. परफॉर्मन्समध्ये वेग, ताकद, टिकाऊपणा असं काहीही असू शकतं. ० ते १०० किलोमीटर वेग ८ सेकंदांत गाठणारी, पण लिटरमागे जेमतेम ९ किलोमीटर जाणारी गाडी वेगवान आहे, कार्यक्षम नाही. म्हणून जे मोजलंय तेच लिहा. एसीच्या स्टार रेटिंगला कार्यक्षमता शोभते. वेबसाइटबद्दल लिहिताना ‘पान उघडायला लागणारा वेळ’ लिहा आणि आकडा द्या; पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष आहे.

पैशांच्या मजकुरात दोन खड्डे आहेत. फंडाचा परफॉर्मन्स म्हणजे बहुधा परतावा, पण कोणता ते सांगा. १,००,००० रुपयांचे ३ वर्षांत १,३३,१०० झाले तर एकूण परतावा ३३.१ टक्के, दरसाल चक्रवाढीने १० टक्के. नुसतं ‘३ वर्षांत ३३ टक्के कामगिरी’ वाचून माणूस दरसाल ३३ समजू शकतो. दुसरा खड्डा बँकांचा. नॉन-परफॉर्मिंग म्हणजे हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलेलं, म्हणजे ‘अनुत्पादक कर्ज’. बातम्यांत त्याला सर्रास ‘बुडीत कर्ज’ म्हणतात, ते चूक. थकलेलं कर्ज वसूल होऊ शकतं.

राहिला बोलीतला परफॉर्मन्स. लोकलमध्ये सीटवरून भांडणाऱ्याला उद्देशून ‘काय परफॉर्मन्स देतोय’ म्हणतात, तेव्हा संवादात ते तसंच ठेवा किंवा ‘नाटकं करतोय’ लिहा. इथे अनेकवचनच हवं. ‘नाटक करतोय’ म्हटलं की तालमीचा पत्ता विचारतील.