नदीकाठचं घर, इंग्लंडचा हिवाळा: पुराच्या बाबतीत या चुका टाळा

सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला पूर शिकवायला नको. आयर्विन पुलाखाली चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, कोयनेचा विसर्ग किती क्युसेकवर गेला, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. २०१९ आणि २०२१ नंतर तर विचारायलाच नको. पण हाच माणूस नोकरीसाठी इंग्लंडला येतो, सेव्हर्नकाठी वूस्टर किंवा श्रूजबरीला, नाहीतर थेम्सकाठी रेडिंगच्या बाजूला घर घेतो, आणि इथल्या पुराला कृष्णेची गणितं लावतो. घोटाळा तिथेच होतो. इथला पूर बहुतेकदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो. त्या दिवसांत दुपारी चारला अंधार पडतो, पाणी हाडं गोठवणारं असतं आणि ओसरल्यावर वाळवायला ऊन नसतं.

पावसाकडे बघून अंदाज बांधणं

"एवढ्याशा रिपरिपीनं काय पूर येणार?" हे वाक्य आपल्या मंडळींकडून हमखास ऐकू येतं. डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड वादळात कंब्रियातल्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस पडला. ब्रिटनचा तो विक्रम. आपल्या कोयना खोऱ्यातल्या नवजाला असा दिवस आला तर बातमी होते, पण कुणी तोंडात बोट घालत नाही. इथे मात्र कार्लाइल, केंडल, कॉकरमथ पाण्यात गेली.

कारण पावसाच्या आकड्यापेक्षा जमिनीत आहे. हिवाळ्यात झाडांना पानं नसतात, ऊन नावापुरतं असतं, बाष्पीभवन जवळपास थांबतं. ऑक्टोबरपासून मुरत आलेलं पाणी शेतात तसंच बसून राहतं. भरलेल्या जमिनीवर आणखी तीस-चाळीस मिलिमीटर पडला की तो सरळ ओढ्यात जातो. त्यात गळलेली पानं रस्त्याकडेच्या गटारांच्या जाळ्यांवर चिकटतात. आजच्या पावसाबरोबर मागचे तीन-चार आठवडे कसे गेले तेही बघा. आणि तुमच्या गावचाच नाही, नदीच्या वरच्या अंगाचा पाऊस बघा. सेव्हर्न वेल्सच्या डोंगरात उगम पावते. श्रूजबरीला चढलेलं पाणी वूस्टरला यायला साधारण दीड-दोन दिवस घेतं, त्यामुळे कितीदा तरी वूस्टरला पूर येतो तेव्हा डोक्यावर निळं आभाळ असतं.

"धरणातून किती सोडलंय?" हा आपला दुसरा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. सेव्हर्नच्या वरच्या अंगाला धरणं आहेत, पण ती खोऱ्याचा थोडाच भाग अडवतात. बाकी पाणी कुणी सोडत नाही आणि कुणी अडवतही नाही.

नदीची पातळी चुकीची वाचणं

सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक मोजपट्टीची पातळी मीटरमध्ये दिसते. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: दोन गावांच्या आकड्यांची तुलना. "वरच्या गावात पाच मीटर आहे, आपल्याकडे चारच, म्हणजे बरं चाललंय." प्रत्येक पट्टीचं शून्य त्या-त्या जागेपुरतं असतं. एका ठिकाणी चार मीटर म्हणजे नेहमीचा हिवाळा, दुसरीकडे चार मीटर म्हणजे दुकानांत पाणी. त्याच पानावर नेहमीची पातळी कुठून कुठपर्यंत आणि आजवरची सर्वांत जास्त किती, हे दिलेलं असतं. त्याच्याशी ताडून बघा.

याहून चांगली युक्ती म्हणजे आपल्याकडे करतात तेच. गल्लीतल्या जुन्या माणसाला विचारा, की जवळच्या पट्टीवर किती झालं की आपल्या कोपऱ्यावर पाणी येतं. वूस्टरला राहणाऱ्यांसाठी ही पट्टी बार्बोर्नची. तो एक आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि कॅथीड्रलखालच्या नदीकडच्या दरवाजाच्या भिंतीत जुन्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, १७७०ची आहे, मार्च १९४७ची आहे. १९४७चं पाणी बर्फ वितळल्याचं होतं. एकदा त्या खुणांपाशी उभं राहून आपल्या डोक्यावर किती पाणी होतं ते बघून या. कुठल्याही नकाशापेक्षा ते लवकर पटतं.

सगळ्या नद्या सेव्हर्नसारख्या सवडीनं चढत नाहीत, हेही लक्षात असू द्या. फेब्रुवारी २०२०मध्ये डेनिस वादळात साउथ वेल्सच्या पाँटिप्रिड गावात टाफ नदी एका रात्रीत विक्रमी चढली. यॉर्कशरच्या काल्डर खोऱ्यातली हेब्डन ब्रिज, मिथमरॉइड ही गावंही तशीच, उभ्या डोंगरांच्या बेचक्यात. तिथे पट्टी बघत बसायला वेळ मिळत नाही.

"सिव्हिअर" शब्दाची वाट बघणं

इशारे तीन: फ्लड अलर्ट, फ्लड वॉर्निंग, सिव्हिअर फ्लड वॉर्निंग. आपल्या डोक्यात इशारा पातळी आणि धोका पातळी पक्की बसलेली असते, म्हणून "वॉर्निंग" म्हणजे नुसता इशारा, खरा धोका पुढच्या पायरीला, असं वाटतं. तसं नाही. अलर्ट म्हणजे तयारी करा. वॉर्निंग म्हणजे पूर येतोय, कामाला लागा. सिव्हिअर म्हणजे जीव वाचवा. अनेक घरांत पाणी शिरतं ते मधल्या पायरीवरच. गाडी उंचावर नेणं, कागदपत्रं वरच्या मजल्यावर, सोफा विटांवर, ही कामं वॉर्निंग आली त्याच घटकेला.

इशाऱ्यांसाठी नाव नोंदवणं फुकट आहे. फ्लडलाइन या पुराच्या माहितीसाठीच्या फोनसेवेचा क्रमांक ०३४५ ९८८ ११८८. वीज गेली तर १०५.

डिसेंबरात घर बंद करून भारतात येणं

ही खास आपली चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत महागाची. पोरांना सुट्टी, तिकडे लग्नसराई, मग नाताळला निघून जानेवारीच्या मध्यावर परत. नेमका हाच पुराचा हंगाम. २०१५ साली यॉर्क आणि काल्डर खोऱ्यात पाणी शिरलं ते नाताळच्या दुसऱ्याच दिवशी.

भारतात येऊ नका असं कोण म्हणेल? पण निघण्याआधी चार गोष्टी करा. एक किल्ली शेजाऱ्याकडे द्या, आणि नुसती देऊ नका. मीटरचा मुख्य खटका कुठे, गॅसचा कॉक कुठे, हे त्यांना दाखवून ठेवा. इशाऱ्यासाठी इथला मोबाइलच नोंदवला असेल तर तो पुण्यात बंद असणार, म्हणून ईमेलही नोंदवा. जमिनीवरच्या वस्तू आधीच वर चढवून जा. आणि विम्याचा कागद उघडून बघा: घर सलग किती दिवस रिकामं असलं तर भरपाई नाकारता येते, हे त्यात लिहिलेलं असतं. अनेक पॉलिसींत तीस दिवस असतात. पाच आठवड्यांची रजा काढणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

वाळूच्या पोत्यांवर भरवसा

पोती पाणी थांबवत नाहीत, थोपवून धरतात, तेही गळत गळत. शिवाय ती कौन्सिलने द्यावीतच असा कायदा नाही, ऐन वेळी तिथे रांग असते, आणि पुराचं पाणी लागलं की त्यांत मैला मुरतो. दाराला बसवायची पक्की फळी घ्या. दोन माणसांनी, अंधारात, मोबाइलच्या उजेडात ती किती वेळात बसते, याची एक तालीम ऑक्टोबरात करून ठेवा.

पण दार बंद केलं म्हणून घर बंद झालं असं नाही. बाहेरून भिंत नीट बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर विटेएवढ्या जाळ्या दिसतील. जुन्या घरांत लाकडी फरशीखाली पोकळी असते आणि तिला हवा मिळावी म्हणून या एअरब्रिक ठेवलेल्या असतात. नदी दारापाशी पोचायच्या आधी पाणी इथून आत जातं, आणि दारात फळी लावून निर्धास्त बसलेल्या माणसाला गालिचा फुगायला लागल्यावर कळतं. त्यांना बसवायची झाकणं मिळतात. मात्र काहीजण वैतागून त्या जाळ्या सिमेंटनं कायमच्या लिंपतात. मग पूर येवो न येवो, दोन-तीन वर्षांत खालची तुळई कुजते. झाकण इशारा आला की लावायचं आणि पाणी गेलं की काढायचं.

संडासात गुडगुड आवाज येतोय? बाहेरची मलवाहिनी भरली आहे, आता उलटं येणार. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं वाळूचं पोतं भांड्यात दाबून बसवा, बेसिन आणि बाथटबची बुचं लावून वर वजन ठेवा. हे तात्पुरतं. कायमचा इलाज म्हणजे प्लंबरकडून एकाच दिशेनं उघडणारी झडप बसवून घेणं.

बाहेर पाणी नाही, पाऊस थांबून दोन आठवडे झाले, आणि तरी फरशीतून पाणी पाझरतंय? खडूच्या खडकाच्या भागात, उदाहरणार्थ बर्कशरच्या लॅम्बोर्न खोऱ्यात, हे होतं. तिथे भूजलाची पातळीच वर येते आणि आठवडेच्या आठवडे राहते. अशा ठिकाणी फळी आणि झाकणं निरुपयोगी. फरशीखाली खड्डा करून त्यात बसवलेला पंप लागतो. घर घेताना पोस्टकोड टाकून पुराची जोखीम बघाल तेव्हा नदी, रस्त्यावरून वाहणारं पाणी आणि भूजल, तिन्ही स्वतंत्रपणे बघा.

पाण्यातून गाडी घालणं

तीस सेंटिमीटर वाहतं पाणी मोटार ढकलायला पुरेसं आहे. "रस्ता बंद"ची पाटी ओलांडू नका. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

पाणी आत आल्यावरच्या चुका

पाण्यात उभं राहून मीटरला हात लावू नका. बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय, विशेषतः तळघर असेल तर, पंप सुरू करू नका. आतला दाब गेला की बाहेरचं पाणी भिंत आत ढकलतं. पेट्रोलवर चालणारा पंप किंवा जनरेटर घरात ठेवू नका आणि थंडी घालवायला कॅम्पिंगचा स्टोव्हही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पिण्याचं पाणी भरून ठेवायची आपली सवय मात्र अजिबात सोडू नका, कुणी हसलं तरी. जुलै २००७ मध्ये ट्युक्सबरीजवळचं माइथ जलशुद्धीकरण केंद्र बुडालं आणि ग्लॉस्टरशरमधल्या सुमारे साडेतीन लाख लोकांचे नळ कोरडे पडले. २०१५ मध्ये लँकेस्टरचं वीज उपकेंद्र पाण्यात गेलं, तेव्हा ज्यांच्या दारात थेंबही आला नव्हता त्यांचंही हीटिंग बंद पडलं, कारण गॅसच्या बॉयलरलाही वीज लागते.

पंचनाम्याची वाट, घाईची सफाई

आपल्याकडे पाणी ओसरलं की तलाठी येतो, पंचनामा होतो, सानुग्रह अनुदान मिळतं. इथे जे काही मिळायचं ते मुख्यतः विम्यातून, आणि पंचनामा तुम्हालाच करायचा असतो. भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याची पेन्सिलनं रेघ मारा, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आणि विमा कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत भिजलेलं सामान टाकून देऊ नका. कुजकं अन्न टाकावंच लागलं तर आधी फोटो.

विम्यातले दोन खड्डे. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाचा विमा फक्त इमारतीचा असतो. तुमचा लॅपटॉप, गादी, देवघर त्यात नाही. आणि पूरप्रवण घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून चालू असलेली फ्लड री योजना १ जानेवारी २००९ पासून पुढे बांधलेल्या घरांना लागू नाही. आपल्या लोकांना नवीकोरी, नदीचा देखावा असलेली वसाहत आवडते. विक्रेता देखावा दाखवतो. विम्याचा दर तुम्हीच सही करण्याआधी मागवा.

मग येतं वाळवणं. भिंत हाताला कोरडी लागली म्हणून रंग लावला, आणि एप्रिलमध्ये काळी बुरशी, हा दरवर्षीचा किस्सा. प्लास्टरबोर्ड टीपकागदासारखा पाणी वर ओढतो, म्हणजे रेघ गुडघ्याशी असली तरी ओल कंबरेपर्यंत असू शकते. जुन्या दगडी-विटांच्या भिंतींना महिने लागतात. हीटर भसकन वाढवला तर लाकूड पिळतं. दमटपणा शोषणारं यंत्र लावलं असेल तर खिडक्या बंद हव्यात. यंत्र नसेल तेव्हा उघड्या. एकीकडे यंत्र घरघरतंय आणि दुसरीकडे खिडकी सताड उघडी, म्हणजे तुम्ही अख्ख्या इंग्लंडची हवा वाळवायला घेतली आहे. भिंतीतली ओल यंत्रानं मोजून कंत्राटदार दाखला देतो. तो हातात आल्याशिवाय रंग नको, वॉलपेपर तर नकोच.

दुरुस्ती ठरताना "जसं होतं तसं करून द्या" म्हणू नका. प्लगची सॉकेट कंबरेच्या उंचीवर, खाली गालिचाऐवजी फरशी, दाराला फळीसाठी चौकट, बॉयलर वर, हे मागा. फ्लड रीच्या कक्षेतल्या घरासाठी काही विमा कंपन्या अशा जादा कामाला दहा हजार पाउंडांपर्यंत देतात. तुमची कंपनी त्यांत आहे का, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारायचं. प्लास्टर झाल्यावर विचारून उपयोग नाही.