शाब्दिक उदाहरणाला घाबरताय? आधी चहा-वडापावचं बिल सोडवा

समीकरण सोडवणं सोपं असतं हो, घोळ होतो तो मांडताना. समजा 3 वडापाव आणि 2 चहाचे 90 रुपये झाले आणि वडापाव चहापेक्षा 5 रुपयांनी महाग आहे, तर आधी ठरवा क्ष कशाला म्हणायचं, आणि शक्यतो स्वस्त वस्तूलाच म्हणा म्हणजे वजाबाकीची कटकट नाही. चहा क्ष रुपये, मग वडापाव क्ष + 5.

आता बिल जसंच्या तसं लिहा: 3(क्ष + 5) + 2क्ष = 90. कंस सोडवताना 3 ने 5 ला पण गुणायचं, इथेच निम्मी पोरं गंडतात! 5क्ष + 15 = 90, म्हणजे 5क्ष = 75, चहा 15 चा, वडापाव 20 चा. ताळा करा: 60 + 30 = 90, जमलं.

वयाच्या गणितात वेगळीच गंमत. आई मुलीच्या तिप्पट वयाची, 10 वर्षांनी दुप्पट होणार, तर मुलीचं वय क्ष, आईचं 3क्ष धरा आणि 10 दोघींच्याही वयात मिळवा: 3क्ष + 10 = 2(क्ष + 10). मुलगी 10, आई 30. फक्त आईचंच वय वाढवलं तर मुलगी कायम तेवढीच राहील ना 😄