पेटला घेऊन प्रवासाला निघताय? कागदपत्रांच्या या चुका टाळा

कोल्हापुरात आता गल्लोगल्ली लॅब (लॅब्राडोर), पग, पर्शियन मांजरं आणि आपली गावठी पण आहेत, आणि घरातली पोरं नोकरीला पुण्या-बेंगळुरूला नाहीतर थेट परदेशात, त्यामुळे "त्याला पण घेऊन जायचंय" हे वाक्य वरचेवर ऐकू येतं. तिकीट काढून होतं, नवीन पट्टा येतो, बास्केट येते, आणि निघायच्या आदल्या दिवशी रात्री आठला डॉक्टरांना फोन जातो की डॉक्टर, एक सर्टिफिकेट पाहिजे होतं. डॉक्टर देतीलही हो, पण त्या सर्टिफिकेटला आधार लागतो लसीचा, आणि लस जर मागच्याच महिन्यात संपली असेल तर डॉक्टर तरी काय करणार?

हे सगळं तारखांचं काम आहे. काउंटरवरच्या माणसाला तुमचं कुत्रं किती शहाणं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला कागदावरच्या तारखा, नाव आणि नंबर एकमेकांशी जुळलेले पाहिजेत. म्हणून प्रवासाची तारीख धरायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. बहुतेक जण आजपासून पुढं मोजतात आणि तिथंच फसतात.

लसीचं पुस्तक आहे म्हणजे झालं, असं नाही

सगळ्यात कॉमन चूक हीच. लसीचं पुस्तक आणि फिटनेसचं हेल्थ सर्टिफिकेट हे दोन वेगळे कागद आहेत. पुस्तक सांगतं की लस झालीय. सर्टिफिकेट सांगतं की डॉक्टरांनी प्राणी तपासला, तो प्रवासाला फिट आहे आणि त्याला रेबीज किंवा दुसऱ्या कुठल्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत. हे काय रेल्वेवाल्यांनी मनानं काढलेलं खूळ नाही, १९७८ चे प्राणी वाहतुकीचे नियम आहेत केंद्राचे, त्यात स्पष्ट आहे की कुत्र्या-मांजराला रेल्वे, रोड, विमान कशानेही पाठवताना असं सर्टिफिकेट लागतं आणि ते नसेल तर नेणाऱ्यानं प्राणी घ्यायचाच नाही. त्याच नियमात अजून एक आहे जे कुणी बघत नाही, दिवस भरत आलेली गाभण कुत्री किंवा मांजरी प्रवासाला न्यायची नाही. ब्रीडरकडून व्यवहार करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

आणि महापालिकेचं कुत्र्याचं लायसन्स ही तिसरीच गोष्ट. ते काढलेलं असावंच, पण ते दाखवून कुणी गाडीत बसवत नाही.

पुस्तक उघडून एकदा नीट बघा

आत्ता ड्रॉवरमधून काढा आणि रेबीजचं पान उघडा. तिथं लसीच्या बाटलीवरचा स्टिकर पाहिजे, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी वाचता आली पाहिजे, शेजारी दिल्याची तारीख, पुढची ड्यू तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा व्हेटर्नरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. कितीतरी पुस्तकांत स्टिकरच्या जागी नुसतं पेनानं "एआरव्ही" (म्हणजे रेबीजची लस) लिहिलेलं असतं आणि खाली एक वेलांटीसारखी सही. गल्लीत चालतं ते. एअरपोर्टवर चालत नाही. काही पुस्तकांत नाइन-इन-वनचे, म्हणजे अनेक रोगांवरच्या एकत्र लसीचे, स्टिकर ओळीनं चार असतात आणि रेबीजचं पान कोरं, आणि मालक ठामपणे सांगतात की सगळ्या लसी झाल्यात! नाइन-इन-वनमध्ये रेबीज नसते, ती वेगळी सुई आहे.

ड्यू तारीख बघताना फक्त जायच्या दिवसापुरती बघू नका, परत यायचा दिवस पण धरा. १५ दिवस गोव्याला आहात आणि लस सहाव्या दिवशी संपतेय तर येताना ट्रेनच्या सर्टिफिकेटला तिथला डॉक्टर आधी लसच टोचायला सांगणार.

पुस्तकाला लॅमिनेशन करू नका. ऐकायला विचित्र वाटेल पण लोक करतात, भिजू नये म्हणून, आणि मग पुढच्या वर्षीचा स्टिकर आणि शिक्का प्लॅस्टिकवर मारत बसतात. झिपची पिशवी घ्या, दहा रुपयांत काम होतं.

ट्रेन: तिकीट कन्फर्म म्हणजे कुत्रं कन्फर्म नव्हे

कुत्र्याला डब्यात सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कुपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा केबिन (चार बर्थची) तुमच्या नावावर पाहिजे. टू टायर, थ्री टायर, स्लीपर, चेअर कार, यात नेता येत नाही, कितीही छोटं असलं तरी. त्यामुळे पुण्याला वंदे भारतनं पटकन जाऊ आणि त्याला मांडीवर घेऊ हा प्लॅन डोक्यातनं काढा, ती सगळी चेअर कार आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणार असाल तर आधी फर्स्ट एसीचं बुकिंग बघा, आणि कुपे मिळणार का केबिन ते चार्ट झाल्यावरच कळतं, दोघांचं तिकीट असून वेगवेगळ्या बर्थ लागल्या तर कुत्र्याचा विषय संपला. दुसरा मार्ग म्हणजे गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. माझं वैयक्तिक मत, उन्हाळ्यात त्यात टाकू नये, गाडी भाड्यानं घ्या पण तो लोखंडी खोका नको.

बुकिंग पार्सल ऑफिसला होतं, तिकीट खिडकीवर नाही. तिथं लसीचं पुस्तक आणि ताजं सर्टिफिकेट लागतं ज्यात जात, रंग, नर-मादी लिहिलेलं असतं, आणि ताजं म्हणजे निघायच्या २४ ते ४८ तास आधीचं. आता गंमत बघा, रविवारी रात्रीची गाडी असेल तर शनिवारीच डॉक्टर गाठला पाहिजे कारण रविवारी क्लिनिक बंद. हे उलटं मोजणं म्हणजे हेच.

ब्रीडच्या रकान्यात पण गोंधळ असतो. पुस्तकात "लॅब", सर्टिफिकेटवर "क्रॉस", आणि समोर उभा आहे तो निव्वळ गावठी. गावठी असेल तर सरळ इंडियन किंवा मिक्स लिहून घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा. मुधोळ असेल तर मुधोळच लिहा, एका कागदावर कारवान आणि एकावर मुधोळ नको, आपल्याला माहितीय की एकच, पार्सलवाल्याला माहिती असायची गरज नाही.

विमान: आधी कंपनी, मग डॉक्टर

उजळाईवाडीवरनं, म्हणजे आपल्या कोल्हापूर विमानतळावरनं, फ्लाइट आहे म्हणजे कुत्रं पण जाईल असं धरून चालू नका. इंडिगो सर्व्हिस डॉग सोडून पेट घेतच नाही. ज्या कंपन्या घेतात त्यांची वजनाची मर्यादा वेगळी, सर्टिफिकेट किती दिवसांचं चालेल ते वेगळं, आणि हे बदलत राहतं, म्हणून बुकिंगच्या आधी कस्टमर केअरला बोला आणि उत्तर मेलवर मागा. फोनवर "हो सर चालेल" म्हणालेला माणूस चेक-इनला तुमच्या शेजारी उभा नसतो.

वजन कॅरिअरसकट धरतात. पग, बुलडॉग, पर्शियन अशा चपट्या नाकाच्यांना उंचीवर श्वासाचा त्रास होतो म्हणून बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात. आणि प्रवासात गप्प पडून राहावा म्हणून झोपेची गोळी देऊ नका, गुंगीतला प्राणी एअरलाइन नाकारू शकते, आणि ते बरोबरच आहे कारण कार्गोत त्याला काय झालं तर बघायला कोण नसतं.

परदेश: इथं क्रम चुकला की महिने जातात

देशातल्या प्रवासात चूक झाली तर फार तर गाडी चुकते. परदेशाच्या कागदात क्रम चुकला की परत पहिल्यापासून.

युरोपचं उदाहरण घेऊ. आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप, १५ आकडी, आयएसओ स्टँडर्डची. चिपनंतर, किंवा त्याच दिवशी पण चिप आधी, रेबीजची लस, आणि पिल्लू त्यावेळी किमान १२ आठवड्यांचं पाहिजे. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपनं मान्य केलेल्या लॅबला जातं आणि टायटर, म्हणजे रक्तातली रेबीजविरुद्धची प्रतिकारशक्ती, ०.५ आययू प्रति एमएल किंवा जास्त यायला लागतं. आणि रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचं, रिपोर्ट आल्यापासून नाही, रक्त काढल्यापासून. भारत त्यांच्या सेफ देशांच्या यादीत नाही म्हणून हे सगळं. बेरीज करा, नुसता नियमाचा वेळच चार महिने, वर लॅबचे दिवस वेगळे. आणि मंडळी व्हिसा आल्यावर कुत्र्याचा विषय काढतात!

सगळ्यात जास्त जण चिपच्या क्रमात अडकतात. कुत्रं तीन वर्षांचं, लसी दरवर्षी वेळेवर, पुस्तक एकदम चकाचक, आणि चिप कालच बसवली. त्यांच्या हिशोबानं आधीच्या लसी मोजतच नाहीत, कारण त्या याच कुत्र्याला दिल्या हे सिद्ध करायला तेव्हा चिपच नव्हती. मग चिपनंतर परत लस, परत ३० दिवस. त्यामुळे परदेशाचा नुसता विचार जरी मनात असला तरी पुढच्या लसीच्या आधी चिप बसवून टाका.

दुसरं म्हणजे बूस्टर, म्हणजे ड्यू तारखेला द्यायची पुढची लस. टायटर एकदा पास झालं की ते चालत राहतं, पण कधीपर्यंत, तर रेबीजची लस एकदाही न चुकता चालू आहे तोपर्यंत. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तर टायटर परत, तीन महिने परत. "अहो डॉक्टर गावाला गेले होते" हे कारण तिकडं कुणी ऐकत नाही.

चिप नंबर हातानं उतरवताना १५ पैकी एक आकडा चुकतोच कुठंतरी, त्यामुळे चिपसोबत येणारे बारकोडचे स्टिकर जपून ठेवा आणि तेच चिकटवा. रक्त काढायच्या दिवशी आणि फायनल सर्टिफिकेटच्या दिवशी डॉक्टरांना रीडरनं चिप वाचायला लावा, कधीकधी ती मानेवरनं सरकून खांद्याकडे गेलेली असते आणि सापडेपर्यंत घाम फुटतो.

शेवटचं सर्टिफिकेट आपल्या राजारामपुरीच्या डॉक्टरांच्या सहीवर भागत नाही, सरकारचा शिक्का लागतो, आणि तो देतं ॲनिमल क्वारंटाइन ऑफिस. आपल्याला मुंबई जवळ. युरोपला पोचायच्या आधीच्या १० दिवसांतच ते काढायचं असतं, म्हणजे कुत्र्यासकट मुंबईची एक फेरी वाढली असं समजा.

बाकी देशांचं थोडक्यात. यूकेचा क्रम साधारण हाच, वर कुत्र्याला पोचायच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध डॉक्टरांकडून देऊन त्याची तारीख आणि वेळ लिहून घ्यावी लागते, घरी गोळी दिली तर मोजत नाहीत. अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केलेत, कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप पाहिजे, आणि भारत रेबीजच्या हाय-रिस्क यादीत असल्यानं इथं लस दिलेल्या कुत्र्याला वेगळे फॉर्म लागतात. ऑस्ट्रेलिया भारतातनं थेट घेतच नाही, आधी दुसऱ्या मान्य देशात ठेवून मग.

मालकाचं नाव: "पाटील साहेब"

पुस्तकावर मालक म्हणून नुसतं "पाटील साहेब, शाहूपुरी" असं लिहिलेलं असतं, चिप वडिलांच्या नावावर आणि उडणार मुलगी, जिचं पासपोर्टवर सासरचं नाव आहे. एकाच घरातले सगळे, पण कागदाला ते कळत नाही. जो प्रवास करणार त्याचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव सगळीकडे घ्या. दुसरा कुणी घेऊन जाणार असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र, आणि युरोप-यूकेला मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर ते कमर्शियल, म्हणजे व्यापारासाठी नेलेलं, धरतात आणि नियमच बदलतात.

अडकलाच तर

पुस्तक हरवलं किंवा स्टिकर पुसला गेला असेल तर ज्यांनी लस दिली त्याच डॉक्टरांकडे जा, त्यांच्या रजिस्टरला किंवा कॉम्प्युटरला बॅच नंबर असला तर डुप्लिकेट पुस्तक सही-शिक्क्यानं मिळतं. नसेल तर वाद घालत बसू नका, नवीन लस द्या आणि तारखा नव्यानं मोजा. जुनी तारीख टाकून द्या म्हणून डॉक्टरांना गळ घालणारे पण भेटतात, तसलं काही करू नका, बॅचच्या तारखेवरनं पकडलं जातं आणि डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन धोक्यात येतं.

खाडाखोड झाली तर व्हाइटनर लावू नका, नवीन कागद घ्या. टायटर कमी आलं तर घाबरायचं नाही, परत लस आणि डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरानं परत रक्त.

जुलै-ऑगस्टला निघणार असाल तर मधे दोन-तीन दिवस मोकळे ठेवाच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं आणि रस्ता बंद होता, अशा वेळी ४८ तासांचं सर्टिफिकेट घरात बसूनच संपतं. मग पाणी उतरल्यावर नवीन काढायचं, जुन्यावर तारीख वाढवून मिळत नाही.

आणि परदेशी गेलेलं जनावर परत आणायचं असेल तर जातानाच्या एक्स्पोर्ट सर्टिफिकेटची कॉपी, चिपचा कागद आणि टायटरचा रिपोर्ट कोल्हापूरच्या घरी पण एक सेट ठेवा, कारण येताना इकडच्या क्वारंटाइन ऑफिसची एनओसी विमानात बसायच्या आधीच लागते आणि तेव्हा हे कागद मागितले जाऊ शकतात.