डिस्कसची टाकी: मुंबईच्या पाण्यात

डिस्कस म्हणजे थाळीसारखा गोल, चपटा शोभेचा मासा. असे पाच-सहा पाळायला ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी घ्या. तिच्यात साधारण २५० लिटर पाणी मावतं. म्हणजे वजन पाव टन. जुन्या इमारतीत ती खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत ठेवा. पिल्लं वाढवायची तर तळ मोकळाच बरा. रेती दिसते छान, पण उरलेलं खाणं तिच्यातच कुजतं.

स्पंज फिल्टर लावून टाकी चार-सहा आठवडे मुरू द्या, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तिच्यात वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी, माशांना विषारी द्रव्यं) शून्य दिसल्याशिवाय मासे आणू नका.

मुंबईच्या नळाला येणारं तानसा-भातसा धरणांचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, डिस्कसला मानवणारं. घात करतं ते क्लोरीन. पाणी ड्रममध्ये एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून २४ तास ठेवा, वर अँटिक्लोरीन घाला. सोसायटीने इमारतीची पाण्याची टाकी धुतली असेल किंवा टँकर आला असेल, तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

तापमान २९ अंश. जानेवारीच्या रात्रींसाठी ३०० वॉटचा हीटर हवाच. पिल्लांचं ३०-४० टक्के पाणी रोज बदला, बदलीचं पाणीही तितकंच कोमट हवं.

मासा काळवंडून कोपऱ्यात उभा राहिला, तर औषधाआधी पाणी तपासा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाणं बंद, हे मात्र बहुधा आतड्यातले परजीवी.