‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ : स्वतः शिकलेल्या वेब डेव्हलपरांनो, या चुका टाळा

क्लास न लावता, व्हिडिओ बघत आणि डॉक्युमेंटेशन चाळत वेब डेव्हलपमेंट शिकलेल्या कोणाचंही गिटहब (कोड ठेवायची साइट) उघडा, तिथे सगळं थोडं थोडं सापडतं. रिॲक्टमधली कामांची यादी, पायथनचा स्क्रेपर, मामाच्या दुकानासाठी पीएचपीत केलेली उधारीची वही, सोसायटीच्या मेंटेनन्सची साइट. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा शेरा मारणारे पुष्कळ भेटतात. मला तो मान्य नाही. ब्राउझर, डेटाबेस, सर्व्हर, थोडं डिझाइन हे सगळं हाताखालून गेलेलं बरंच असतं. खोट असते ती दोन विषयांच्या सांध्यात. रिॲक्ट शिकवणारे आहेत, मायएसक्यूएल शिकवणारे आहेत. पण कोड दुसऱ्याच्या मशीनवर गेला, किंवा ‘टेस्ट १२३’ऐवजी खऱ्या माणसाने खरं नाव टाइप केलं की काय होतं, हे बहुतेक कोर्समध्ये येतच नाही.

घरी दिसतं, सर्व्हरवर दिसत नाही

घरी फोटो दिसतात, होस्ट केल्यावर ४०४ (‘फाइल सापडत नाही’) येतो. कारण बहुतेक वेळा एकच: कॅमेऱ्याने फाइलचं एक्स्टेन्शन मोठ्या अक्षरांत दिलंय आणि कोडमध्ये ते लहान अक्षरांत आहे. विंडोज हा भेद करत नाही, लिनक्स करतं, आणि सर्व्हर बहुधा लिनक्सच असतो. नाव बदलून गिटने पुन्हा पुश केलं (कोड वर चढवला) तरी फरक पडत नाही, ही पुढची तक्रार. विंडोजवर गिटला नुसता लहान-मोठ्याचा बदल दिसतच नाही. नाव ‘गिट एमव्ही’ कमांडने बदला. त्याहून सोपं म्हणजे सगळ्या फाइलींची नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा.

अपलोड केलेले फोटो दुसऱ्या दिवशी गायब होत असतील, तर तुमच्या होस्टिंगची डिस्क तात्पुरती आहे. हेरोकू या होस्टिंग सेवेवर असंच असतं: डायनो (तुमचं ॲप चालवणारा तिथला कंटेनर) दिवसातून एकदा तरी रीस्टार्ट होतो आणि त्यावर लिहिलेल्या फाइली पुसल्या जातात. एसक्यूलाइटची डेटाबेस फाइल तिथे ठेवली असेल तर तीही जाते. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली ठेवायच्या वेगळ्या क्लाउड सेवेत) आणि नोंदी वेगळ्या डेटाबेस सर्व्हरवर ठेवा.

गुपित किल्ल्या गिटमध्ये

एन्व्ह फाइल, म्हणजे पासवर्ड आणि दुसऱ्यांच्या सेवा वापरायच्या किल्ल्या (‘की’) जिच्यात असतात ती, चुकून पुश झाली, लक्षात आल्यावर काढली, नवा कमिट (बदलाची नोंद) केला आणि सुटलो असं वाटलं. सुटलेलं काहीच नसतं, जुन्या कमिटमध्ये ती फाइल जशीच्या तशी आहे. सार्वजनिक रिपॉझिटरीतून किल्ल्या वेचणारे बॉट सतत फिरत असतात, म्हणून आधी ती किल्ली रद्द करून नवी घ्या. इतिहास साफ करायला नंतर सवडीने बसा. हा क्रम उलटा करू नका.

दुसरा गैरसमज असा, की किल्ली एन्व्हमध्ये आहे म्हणजे ती लपली. सर्व्हरसाठी हे खरं आहे, फ्रंटएंडसाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडसाठी, नाही. व्हीट या फ्रंटएंड बिल्ड टूलमध्ये ज्या नावांना ‘व्हीट’चा उपसर्ग लागतो, त्यांची मूल्यं बिल्डच्या वेळी (कोड ब्राउझरसाठी तयार होताना) थेट जावास्क्रिप्टमध्ये उतरतात आणि एफ१२ दाबणाऱ्या कोणालाही वाचता येतात. पैसे मोजावे लागतात अशी कुठलीही किल्ली तुमच्या सर्व्हरवरच राहिली पाहिजे.

मराठी मजकूर आला की

इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हा भाग येत नाही, म्हणून इथे जरा जास्त थांबू.

आधी डेटाबेस. मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ८’ हा कॅरेक्टर सेट (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतो. देवनागरीतलं अक्षर किंवा मात्रा, प्रत्येकी बरोबर ३ बाइटची, त्यामुळे चाचणीत सगळं उत्तम दिसतं. मग कोणीतरी अभिप्रायाच्या शेवटी हात जोडलेला इमोजी टाकतं. तो ४ बाइटचा. सेटिंग कडक असेल तर एरर येते, ढिलं असेल तर इमोजीपासून पुढचा मजकूर गुपचूप कापला जातो. उपाय म्हणजे ‘यूटीएफ८एमबी४’. मायएसक्यूएल ८.० पासून तेच डिफॉल्ट आहे, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. टेबल आणि कनेक्शन, दोन्हीकडे तपासा.

मजकूर बिघडलाय कसा, त्यावरून निदान करता येतं. डेटाबेसमध्येच नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर मूळ मजकूर गेला, बॅकअप शोधा. डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘a’ची रांग दिसत असेल तर बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या एन्कोडिंगने वाचले जातायत. अशा वेळी घाबरून डेटा पुन्हा सेव्ह करू नका, आधी कनेक्शनचा कॅरेक्टर सेट दुरुस्त करा.

पुढचा घोळ लिंकचा. शीर्षकातून लिंक बनवणारा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातले नमुने ओळखायचं सूत्र) फक्त इंग्रजी अक्षरं ठेवतो, त्यामुळे मराठी लेखाची लिंक रिकामी निघते. थोडा जाणकार माणूस युनिकोडचा (सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) ‘अक्षर’ हा वर्ग वापरतो आणि ‘पुणे’चं ‘पण’ होतं! उकार आणि मात्रा युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नाहीत, ती चिन्हं आहेत. दोन्ही वर्ग घ्या.

लांबीचंही तसंच. ‘ज्ञानेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, जावास्क्रिप्ट लांबी १० सांगतं. आठावर कापलं तर ‘ज्ञानेश्’ उरतं, पाय मोडलेलं. फक्त दिसण्यापुरतं कापायचं असेल तर ते काम सीएसएसच्या एलिप्सिसला (शेवटी तीन टिंबं) द्या. मोजायचंच असेल तर जावास्क्रिप्टचं इंटल सेग्मेंटर वापरा. त्यात मात्रा तुटत नाहीत, जुन्या ब्राउझरांत जोडाक्षर मात्र फुटू शकतं.

मराठी कीबोर्ड लावून कोणी रकमेच्या खान्यात ‘५००’ लिहिलं तर जावास्क्रिप्ट त्याला आकडाच मानत नाही. पायथन मानतं. म्हणजे बॅकएंडची (सर्व्हरकडच्या कोडची) चाचणी पास होते आणि फॉर्म अडतो, मग शोधत बसा. ‘०’चा युनिकोड क्रमांक २४०६ आहे. प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा करून मगच आकडा वाचा.

दिसण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी. पानाची भाषा ‘एमआर’ लिहा, म्हणजे ज्या फाँटमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. आणि मथळ्याला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) देऊ नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्प्लेट उचललं की ही ओळ हमखास सोबत येते.

तारीख एक दिवस मागे

फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट निवडला, डेटाबेसमध्ये १४ गेला. आपल्याकडचे रात्रीचे १२ म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ६:३०. तारीख आयएसओ स्ट्रिंगमध्ये (यूटीसीतल्या, ‘वर्ष-महिना-दिवस’ने सुरू होणाऱ्या मजकुरात) बदलून पहिली दहा अक्षरं घेतली की हे होणारच. अमेरिकेतल्या भावाला तुमच्या साइटवर वाढदिवस एक दिवस आधी दिसतो त्याचं कारण उलट बाजूचं: नुसती तारीख असलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्ट यूटीसी धरून वाचतं. वाढदिवस, सण, पावतीची तारीख यांना वेळ नसतेच, त्यांना डेटाबेसमध्ये तारीख म्हणूनच ठेवा, वेळेसकट नको. आणि जावास्क्रिप्टमध्ये महिने ० पासून मोजले जातात, ऑगस्ट ७ वा.

कॉर्सची लाल ओळ

‘पोस्टमनमध्ये चालतंय, ब्राउझरमध्ये नाही.’ बरोबरच आहे, कॉर्स, म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर वाचू द्यायचं की नाही हा नियम, ब्राउझरचा आहे, सर्व्हरची उत्तरं तपासायच्या पोस्टमनला तो लागू नाही. फ्रंटएंडच्या कोडमध्ये हेडर घालून काही होणार नाही, परवानगी उत्तर देणाऱ्या सर्व्हरने द्यायची असते. कॉर्स बंद करणारं एक्स्टेन्शन फक्त तुमच्या ब्राउझरचं तोंड बंद करतं. सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर मधे स्वतःचा छोटा बॅकएंड ठेवा. कधी कधी सर्व्हरच ५०० (स्वतःची एरर) देत असतो आणि एररच्या उत्तराला हेडर नसल्यामुळे लाल ओळ कॉर्सची दिसते. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब आधी बघा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी. एसक्यूएलमध्ये स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवू नका, प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा. पासवर्ड एमडी५ या सहज फुटणाऱ्या हॅशमध्ये ठेवू नका, पीएचपीत ५.५ पासून पासवर्ड हॅशचं तयार फंक्शन आहे. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

पोर्टफोलिओ

‘एचटीएमएल ९० टक्के, जावास्क्रिप्ट ७५ टक्के’ अशा रंगीत पट्ट्या काढून टाका. ७५ टक्के जावास्क्रिप्ट म्हणजे काय, हे ना लिहिणाऱ्याला सांगता येतं ना वाचणाऱ्याला कळतं. दुसऱ्यांच्या साइटच्या दहा अर्धवट नकलांपेक्षा मामा रोज वापरतो ती उधारीची वही वर ठेवा आणि तिच्यात कुठली अडचण आली, ती कशी सोडवली, हे चार ओळींत लिहा.

लिंक देण्याआधी तो प्रोजेक्ट एका रिकाम्या फोल्डरमध्ये क्लोन करा (गिटहबवरून नव्याने उतरवा) आणि रीडमीतल्या (सूचनांच्या फाइलीतल्या) कमांड जशाच्या तशा चालवा. काहीतरी राहिलेलं सापडतंच: फक्त तुमच्या मशीनवर ग्लोबल इन्स्टॉल केलेलं पॅकेज, टेबलं तयार करणारी एसक्यूएल फाइल, किंवा एन्व्हमध्ये कोणकोणती नावं हवीत ते सांगणारी नमुना फाइल. ते भरा, पुन्हा क्लोन करून बघा आणि मग लिंक रेझ्युमेत टाका.