'डिजिटल एन्व्हलप' एरर आला? नोड मॉड्यूल्स उडवण्याआधी या चुका टाळा

नव्या लॅपटॉपवर नोड १८ (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, जुना रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट क्लोन केला, प्रोजेक्ट बांधण्याची 'एनपीएम रन बिल्ड' ही कमांड मारली आणि लाल अक्षरांत उत्तर आलं: 'डिजिटल एन्व्हलप रूटीन्स... अनसपोर्टेड'. कोडची एक ओळही बदललेली नव्हती. खाली ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं नाव दिसलं म्हणून मी तासभर प्रॉक्सी आणि सर्टिफिकेटं तपासत बसलो. त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ आहे. त्याने एमडी४ हा १९९० चा हॅश अल्गोरिदम (मजकुरावरून छोटा ठसा काढणारी पद्धत) अडगळीत टाकला. वेबपॅक ४, म्हणजे कोडच्या फाइल्स एकत्र बांधणारं टूल, मात्र मॉड्यूल्स आणि फाइल्सचे हॅश काढायला तोच मागतं. सुरक्षेचा प्रश्नच नाही, नुसतं नाव पाडायचं काम. पण मागितलेलं मिळालं नाही की बिल्ड तिथेच आडवं.

'पण मी वेबपॅक टाकलेलंच नाही!' बरोबर, पॅकेज जेसनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या पॅकेजेसच्या यादीत, ते दिसणारही नाही. 'एनपीएम एलएस वेबपॅक' चालवा, म्हणजे कोणाचं बोट धरून आलंय ते कळेल. माझ्याकडे रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट बांधणाऱ्या रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स ४ या पॅकेजने आणलं होतं.

ही साखळी न बघता नोड मॉड्यूल्स (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसचा फोल्डर) आणि लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) दोन्ही उडवणं, ही सगळ्यात महागडी चूक. रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स ४.०.३ मध्ये वेबपॅक नेमकं ४.४४.२ असं खिळलेलं आहे. शंभरदा इन्स्टॉल करा, तेच येणार. उलट लॉक फाइल गेल्यामुळे बाकीची पॅकेजेस गुपचूप पुढे सरकतात आणि एका एररचे तीन होतात. उडवली असेल तर गिटमधून आधी परत आणा.

दुसरी चूक इंटरनेटवर सगळीकडे सापडते: नोड ऑप्शन्स या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जुने अल्गोरिदम परत चालू करणारा 'ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडर' हा फ्लॅग. चालतो, नाही कशाला म्हणा. आज संध्याकाळी रिलीज असेल तर मीही लावीन. पण तो स्क्रिप्टमध्ये कायमचा कोंबलात, तर नोड १६ वापरणाऱ्या सहकाऱ्याकडे नोड सुरूच होत नाही, कारण त्या आवृत्तीला हा फ्लॅग चालत नाही. शिवाय विंडोजवर व्हेरिएबल लिहायची पद्धत वेगळी.

मग नोड १६ वरच परत जावं का? त्याचा सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि तारीख मुद्दाम अलीकडे ओढली होती, कारण त्यातल्या ओपनएसएसएल १.१.१ चा सपोर्टही त्याच दिवशी संपत होता.

इलाज म्हणजे वेबपॅक ओढून आणणारं पॅकेजच वर नेणं: रिअ‍ॅक्ट-स्क्रिप्ट्स ५, किंवा वेबपॅक थेट वापरत असाल तर ५.६१ किंवा त्यापुढचं. नुसतं '५' पुरत नाही. एमडी४ ची स्वतःची अंमलबजावणी वेबपॅकने ५.६१ मध्ये आणली. हे वेगळ्या ब्रँचवर करा आणि प्लगइन्सही सोबत वर न्या, एचटीएमएल-वेबपॅक-प्लगइन तर नक्कीच.

एवढं करून 'क्रिप्टो' किंवा 'बफर' सापडत नाही असा नवा एरर आला, तर घाबरून मागे फिरू नका. वेबपॅक ५ नोडचे पॉलीफिल, म्हणजे नोडमधल्या सोयींची ब्राउझरसाठीची पर्यायी रूपं, आपणहून देत नाही. कुठलं पॅकेज ते मागतंय हे एररमध्येच लिहिलेलं असतं. माझ्याकडे ते कोणीच वापरत नसलेलं एक पॅकेज निघालं. काढून टाकलं, बिल्ड हिरवं.